रुळांची दिशा

हिवरा आश्रमाहून मुंबईस निघालेल्या प्रवाशाला प्रथम एस.टी. गाठावी लागते, कारण मेहकर तालुक्यात लोहमार्ग नाही. मुंबईत पोहोचल्यावर मात्र तो चालकाविना धावू शकेल अशा मेट्रोत बसतो. या दोन टोकांमधील अंतराला आपण सहजपणे मागासलेपण म्हणतो. वाहतुकीचा इतिहास म्हणजे घोड्यापासून संगणकापर्यंतची एक सरळ चढण आणि काही गावे त्या चढणीवर मागे राहिलेली, असे त्यामागचे गृहीतक असते. मुंबईच्या रुळांचा इतिहास पाहिला की हे गृहीतक टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या शहरात आगगाडी होती, ट्राम नव्हती. ती ९ मे १८७४ रोजी आली. घोडे जुंपलेल्या गाड्या कुलाबा आणि बोरीबंदर येथून पायधुणीपर्यंत धावू लागल्या. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली. घोडा गेला, माणूस मात्र हाताशी दांडा धरून उभा राहिला. १९२० मध्ये दुमजली ट्रामही आली. इथवरचा प्रवास खरोखरच चढणीचा दिसतो.

पुढे मात्र ही रेषा तुटते. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी अखेरची ट्राम धावली आणि मुंबईने रस्त्यांवरील रुळांचा निरोप घेतला. वीज संपली नव्हती की तंत्र विसरले गेले नव्हते. रस्त्यावर मोटारी आणि बसगाड्या वाढल्या होत्या, आणि रूळ सोडून बाजूला होऊ न शकणारी ट्राम आता अडथळा ठरू लागली होती. म्हणजे रस्त्याची जागा कोणाची, या प्रश्नाचे उत्तर बदलले होते.

उपनगरी लोकल वाढती गर्दी वाहत राहिली. पण शहरांतर्गत नवा लोहमार्ग येण्यास अर्धशतक लागले. २०१४ च्या फेब्रुवारीत मोनोरेल सुरू झाली आणि ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो. दरम्यानच्या काळात फ्रान्समधील लील येथे १९८३ मध्ये, कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९८५ मध्ये, तर लंडनच्या डॉकलँड्स भागात १९८७ मध्ये चालकाच्या कक्षाशिवाय स्वयंचलित गाड्या धावू लागल्या होत्या. यांपैकी लंडनची गाडी तर हलक्या रेल्वेची, म्हणजे ट्रामच्याच कुळातली.

भारतात चालकाविना पहिली मेट्रो डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीत धावली. मुंबईत २ एप्रिल २०२२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या '२ अ' आणि '७' या मार्गांवर तशी क्षमता असलेल्या गाड्या आल्या. प्रारंभी त्या चालकासहच चालविण्यात आल्या. कफ परेड ते आरे हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्याच्या आदल्याच महिन्यात मोनोरेलची सेवा आधुनिकीकरणासाठी थांबविण्यात आली होती. चढण इथेही सरळ नाही.

या गाड्यांत गाडी आपले स्थान रेडिओद्वारे सतत कळवीत असते, आणि पुढील गाडीपासूनचे अंतर पाहून वेग केव्हा वाढवावा, केव्हा थांबावे हे संगणक ठरवितो. माणूस नाहीसा होत नाही. तो नियंत्रण कक्षात, देखभालीच्या कारखान्यात, म्हणजे प्रवाशाच्या दृष्टिआड जातो. ट्रामच्या कंडक्टरशी हुज्जत घालता येत असे. संगणकाशी ती घालता येत नाही.

परंतु एक निर्णय यंत्राकडे कधीच नसतो: मार्ग कोठून जावा, हा. आमच्या बुलढाणा जिल्ह्याला हे जुने ठाऊक आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापसाचे मोल वाढले, आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाची शाखा आली. व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो तिच्या उद्घाटनास खामगावी आले होते. कापूस मुंबई बंदराकडे जाऊ लागला. रूळ मात्र कापसाच्या बाजाराशीच थांबले. ते पुढे जालन्यापर्यंत न्यावेत ही मागणी ब्रिटिश काळापासूनची आहे आणि तो मार्ग अद्याप झालेला नाही. कापसाची निकड मोजली गेली. कापूस पिकविणाऱ्याच्या प्रवासाची तशी मोजली गेली नाही.

म्हणून हिवरा आश्रम हे मुंबईच्या मागे राहिलेले गाव आहे, असे म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. ज्या निवडींनी मुंबईतील ट्राम काढली आणि पन्नास वर्षांनी रूळ खांबांवर व भुयारात परत आणले, तशाच निवडींनी आमचा तालुका रुळांविना ठेवला. महानगरी साहित्य शिकविताना लोकलची गर्दी, फलाट आणि चाळ यांवर आपण तासन्तास बोलतो. त्याच तासाला, त्या फलाटापर्यंत एस.टी.ने आणि पायी पोहोचलेल्या माणसाचा प्रवासही शहराच्या इतिहासात धरावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.