कूटशासन, तोतया आणि नांवाची राखण

जुनीं पत्रें पाहणाऱ्यांस खरें-खोटें निवडण्याचें काम नित्याचेंच आहे. कागदाच्या खरेपणाची ही चिकित्सा संशोधकांपुरतीच उपयोगाची नसून, हल्लीं ज्याच्या त्याच्या नांवावर जें संकट येऊं लागलें आहे त्याच्या निवारणासही तीच उपयोगी पडते, हें प्रस्तुत टिपणांत दाखवावयाचें आहे. दुसऱ्याच्या नांवानें द्रव्य किंवा अधिकार बळकावण्याची विद्या नवी नाहीं. तिचा बंदोबस्त करण्याची विद्याही तितकीच जुनी आहे.

आम्ही राहतों तें माजरी गांव भद्रावती तालुक्यांत आहे. भद्रावती म्हणजे जुनें भांदक. तेथें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा, म्हणजे इ. स. ७७२ चा, ताम्रपट सांपडला हें वाचकांस विदितच आहे. अशा शासनांत काय काय असावें हें याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत सांगितलें आहे. तें वस्त्रावर वा ताम्रपटावर लिहावें. वर राजाची मुद्रा असावी. राजानें पूर्वजांचीं व आपलें नांव घालावें. दानाचें परिमाण व सीमा नोंदाव्या. शेवटीं स्वहस्त व काल असावा. पुष्कळांस यांतील वंशावळ केवळ बढाई वाटते. आमच्या मतें हीं सर्व निरनिराळीं कुलुपें होत. कूटकारास एखादें उघडतां येतें. सगळीं एकदम उघडूं जातां कोठें पिढी चुकते, कोठें तिथिवार जुळत नाहीं, कोठें अक्षरवळण त्या काळचें नसतें.

समुद्रगुप्ताचा गया येथील ताम्रपट याचें उत्तम उदाहरण आहे. फ्लीटनें १८८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या गुप्त लेखसंग्रहांत तो बनावट ठरविला. कारण असें कीं, राजाचें नांव प्रथमेंत असून त्याचीं विशेषणें षष्ठींत आहेत. म्हणजे लिहिणाऱ्यानें तीं एखाद्या वंशजाच्या शासनांतून उतरून घेतलीं आणि विभक्ति बदलावयास तो विसरला. पुढें कांहीं विद्वानांनीं हा पट खऱ्या शासनाची मागाहून केलेली प्रत मानला. तो वाद येथें नको. आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. पटास जोडलेली मुद्रा मात्र खरी असून दुसऱ्या एखाद्या शासनावरून काढून येथें बसविली असावी, असें फ्लीटचें अनुमान होतें. मुद्रा खरी आणि शासन खोटें! एकाच खुणेवर विसंबणाऱ्यास येथें फसण्यावांचून गत्यंतर नाहीं.

अशा शासनाचा भोगवटाही होत असे. उत्तर प्रदेशांतील मधुबन येथें सांपडलेल्या, इ. स. ६३१ च्या ताम्रपटांत हर्षवर्धन सांगतो कीं, सोमकुंडका हें गांव वामरथ्य नांवाचा ब्राह्मण कूटशासनाच्या आधारें खात होता. म्हणून तें शासन मोडून गांव दुसऱ्या दोघांस दिलें.

जें ताम्रपटाचें तेंच मनुष्याचें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूविषयीं लोकांच्या मनांत संशय राहिला. त्या फटींतून तोतया शिरला. हा सुखनिधान नांवाचा कनोजी ब्राह्मण, चेहरामोहरा भाऊसाहेबांसारखा. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत चौकशी होऊन तो कैदेंत पडला. पुढें १७७६ सालीं रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास बाहेर काढून भाऊसाहेब म्हणून उभें केलें, आणि पाहतां पाहतां कोंकणचा बराच भाग त्याच्या हातीं गेला. शेवटीं महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला. तो मुंबईकडे पळत असतां रघूजी आंग्रे यानें त्यास धरिलें. पुण्यास पुन्हां चौकशी होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास देहान्त शासन झालें.

पूर्वीं एकदां खोटा ठरलेला मनुष्य पुन्हां खरा कसा झाला? नारायणरावांचा खून १७७३ त झालेला, राघोबादादांचा कलह चालू, आणि सवाई माधवराव दोन वर्षांचें मूल. कर्ता धनी परत यावा अशी पुष्कळांची इच्छा होती. तीस चेहऱ्याचें साम्य मिळतांच कोंकणांत पहिल्या निकालाची आठवण राहिली नाहीं. ठगास आपल्या कसबापेक्षां समोरच्याची आशा किंवा भीति अधिक कामीं येते, हा यांतला बोध आहे.

लेखी कारभारांत मात्र मराठी दफ्तरानें चांगली सावधगिरी ठेविली होती. मजकूर संपतांच 'लेखनसीमा' अशा अक्षरांचें मोर्तब होई. त्याखालीं कोणास एक ओळही वाढवितां येत नसे. पाठीमागें दफ्तरीं नोंद झाल्याचे शेरे पडत. आणि सनदेच्या शेवटीं नेहमीं आढळणारी आज्ञा अशी कीं, प्रत लिहून घेऊन असल पत्र भोगवटियास परतून द्यावें. असल धन्यापाशीं आणि नक्कल दफ्तरांत, असा हा नियम होता.

आज मनुष्याचें नांव आधार क्रमांकावर, मोबाईलवर व ओटीपीवर उभें आहे. ओटीपी हा आपला शिक्का होय. तो मागणारा कोणीही असो, देऊं नये. आधारची छायाप्रत देणें पडल्यास तिच्यावर आडवें काम व तारीख लिहावी, हीच आपली लेखनसीमा. शेवटचे चारच अंक दिसतील अशी प्रतही मिळते, ती पुरत असल्यास तीच द्यावी. पोलीस अधिकारी म्हणून पडद्यावर दिसणाऱ्याचा गणवेश ही एकच खूण होय. 'डिजिटल अटक' असा प्रकार कायद्यांत नाहीं. बोलणें थांबवून आपल्या माहितीच्या क्रमांकावर आपणच विचारावें. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. दुसऱ्याची ओळख चोरणारास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमानें तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु गेलेलें द्रव्य परत येण्यास विलंब हाच शत्रु.

संग्राहक बंधूंस एक विशेष सूचना. पोथीविषयीं अभिप्राय लिहून देतांना तींत पत्रसंख्या, लांबीरुंदी, आरंभींची व शेवटची ओळ आणि तारीख अवश्य घालावी व प्रत आपणांपाशीं ठेवावी. नुसती सही दिली तर गयेच्या मुद्रेप्रमाणें ती दुसऱ्याच पोथीस जडून बाजारांत फिरेल, आणि सही खरी असल्यामुळें जाब आपणांसच द्यावा लागेल.