दातावरची तपकिरी रेघ

१९८६ साली मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात एक बाई लेकीला घेऊन आल्या. लग्न ठरलं होतं, दात पॉलिश करून हवे होते. मुलगी ओठ मिटून हसायची. तोंड उघडलं तर वरच्या पुढच्या चार दातांवर आडवी तपकिरी-करडी पट्टी. मधल्या दोन दातांवर ती जरा हिरडीच्या बाजूला सरकलेली, शेजारच्या दोघांवर अगदी कडेलगत. पॉलिशने ती जाणार नव्हती. दात घडतानाच आत शिरलेली होती.

दात कडेपासून हिरडीकडे घडत जातो. मधले दात आधी घडू लागतात, बाजूचे काही महिन्यांनी. पट्टी कुठे पडली ते पाहिलं की वय सांगता येतं. मी विचारलं, "दीड-दोन वर्षांची असताना मोठा ताप आला होता का हो?"

बाई चपापल्या. "तुम्हाला कसं कळलं? पावसाळा होता. हुडहुडी भरून ताप यायचा. डॉक्टरांनी गोड औषध दिलं. उतरेना, म्हणून पुन्हा तेच दिलं."

ते टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचं सिरप असणार. हे औषध कॅल्शियमला चिकटतं, आणि दात घडत असले तर दातातच राहून जातं. साठीच्या दशकात ते सर्रास दिलं जाई. माझ्या पिढीच्या दंतवैद्यांनी अशी तोंडं शेकड्याने पाहिली.

मुलीचं वय धरून मी हिशेब केला, तो ताप १९६६ चा निघाला. पावसाळ्यात हुडहुडी भरून येणारा ताप म्हणजे बहुधा मलेरिया, पण तो संपत आल्याची तेव्हा देशभर हवा होती. १९५३ मध्ये नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि १९६५ मध्ये देशभरातले रुग्ण एक लाखाच्या आसपास उतरले. अशा वेळी उपनगरातल्या डॉक्टरला हिवताप सुचला नसेल, तर फार दोष देववत नाही. त्यातून टेट्रासायक्लिनच्या जातीची औषधं मलेरियाच्या परजीवीला हळूहळू का होईना, दाबतात. म्हणजे बाण अगदीच हवेत गेला असंही नाही. पण तो मारला होता डोळे मिटून. पुढे १९७६ मध्ये देशात ६४ लाख रुग्ण नोंदले गेले, तेव्हा ती हवा कुठल्या कुठे गेली.

मुंबईला हा ताप जुना ओळखीचा. सिकंदराबादला डॉक्टर रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला १८९७ मध्ये. त्यानंतर बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईतल्या मलेरियाची पाहणी करून १९११ मध्ये अहवाल दिला. दोष त्याने दलदलीवर ढकलला नाही, घरोघरच्या विहिरी आणि टाक्यांवर ठेवला. इथला मुख्य वाहक डास अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी, आणि त्याला स्वच्छ, साठलेलं पाणीच लागतं. विहिरी बंद करा म्हटल्यावर पारशी आणि हिंदू घरमालक खवळले. पूजेचं पाणी, वाडवडिलांचं पुण्य. तरीही कित्येक विहिरी झाकल्या, बुजवल्या. १९२८ मध्ये कोव्हेल या मलेरियातज्ज्ञाने पुन्हा पाहणी केली, तेव्हाही बोट विहिरींकडेच गेलं.

ही सगळी बेटावरच्या शहराची गोष्ट. आमचं मुलुंड तेव्हा साष्टीतलं गाव. अंधेरी, घाटकोपर १९५० मध्ये पालिकेत आले. मुलुंड, बोरिवली १९५७ मध्ये. चाळी पाडून इमारती झाल्या आणि विहीर गच्चीवर चढली. सिंटेक्सच्या काळ्या टाक्या येण्याआधीच्या त्या सिमेंटच्या टाक्या आठवतात का? झाकण तुटलेलं, त्यावर फरशीचा तुकडा ठेवलेला. पालिकेचा मलेरियावाला शिडी लावून चढायचा, पाण्यात पळी बुडवायचा आणि खाली येऊन सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नाकाखाली धरायचा. पांढऱ्या पळीत वळवळणाऱ्या अळ्या पाहून सेक्रेटरीचा आवाज निम्मा व्हायचा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायची.

मलेरियाच्या त्या राष्ट्रीय कार्यक्रमात एक प्रथा होती, तिला मी अंदाजी उपचार म्हणते. कुणालाही ताप आला की बोटातून रक्ताची काच घ्यायची आणि अहवाल येण्याआधीच क्लोरोक्विनच्या चार गोळ्या हातावर टेकवायच्या. हेतू चांगलाच होता. काच तपासून होईपर्यंत माणूस कुठे निघून गेला असता कोण जाणे. पण १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात क्लोरोक्विनला न जुमानणारा परजीवी सापडला. मग हळूहळू, अनेक वर्षं लावून, धोरण बदललं. आधी तपासणी, मग गोळी.

आम्ही दंतवैद्य मात्र अंदाजावरच राहिलो, आणि औषधं हाताशी होतीच. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन परदेशातून येणारी दुर्मीळ वस्तू राहिलं नाही. मेट्रोनिडाझोलची कथा तर आमच्याच धंद्यातली. ते मूळचं ट्रायकोमोनास या परजीवीवरचं औषध. लंडनमध्ये एका बाईला ते दिलं आणि तिच्या हिरडीचा तीव्र संसर्गही बरा झाला, हे शिन नावाच्या दंतवैद्याने १९६२ मध्ये लिहिलं. तिथून ते आमच्या चिठ्ठीवर चढलं ते चढलंच. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रो, पाच दिवस. दात ठणकतोय, पाच दिवस. दात काढला, पाच दिवस. दाताच्या नसेची जळजळ गोळीने शमत नाही, दात उघडावा लागतो, हे पुस्तकात होतं. पण संध्याकाळी सात वाजता बाकावर नऊ पेशंट असले की हात आपोआप लिहितो. तातडीने दातावर काम करता येत असेल, तर बहुतेक दातदुखीत प्रतिजैविक नको, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलं. आम्हाला ते माहीत नव्हतं असं नाही.

माझी स्वतःची चूक १९९५ च्या पावसाळ्यातली. एक रिक्षावाला आला, गालाला सूज, अंगात ताप. मी सूज पाहिली आणि ठरलेली चिठ्ठी दिली. सूज उतरली. पाचव्या दिवशी तो पुन्हा आला, रिक्षाच्या मागच्या सीटवर घोंगडी पांघरून. चालवत होता भाऊ. "मॅडम, एक दिवस बरा असतो, दुसऱ्या दिवशी थडथड उडतो." एकांतरा ताप, म्हाताऱ्या बायकांनाही कळेल असा. पहिल्याच दिवशी मी फक्त विचारायचं होतं. रक्ताच्या काचेत मलेरियाचा व्हायवॅक्स परजीवी निघाला.

आता आमच्या भागातल्या दंतवैद्यांचा रविवारचा अभ्यासगट आहे. मी त्यांना एक कागद देते: वय ३१, जुलै महिना, खालची दाढ, गालाला सूज, संध्याकाळी थंडी वाजून ताप. पुढे काय कराल? मागच्या खेपेस बहुतेकांनी औषधांची नावं लिहिली, दोघांनी दाढ उघडून पू काढू असंही लिहिलं. घाटकोपरच्या एकीने एवढंच लिहिलं होतं, 'ताप रोज येतो की एक दिवसाआड?' मी कौतुक केलं तर ती म्हणाली, "मॅडम, गेल्या वर्षी आईला मलेरिया झाला होता. घरात तेच ऐकत होते दोन आठवडे."