गलगंडावरील शस्त्रक्रिया व मानेवरील छेद मिटविण्याच्या पद्धती

गलगंडावरील शस्त्रक्रियेच्या इतिहासात ग्रंथी कशी काढावी याची चर्चा विपुल आढळते. छेद कसा मिटवावा याचा उल्लेख बहुधा प्रकरणाच्या शेवटी दोन ओळींत उरकलेला असतो. वस्तुतः मानेवरील जखमेकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात. व्रण दिसू नये, यासाठी ती बारकाईने शिवली पाहिजे. आणि आत रक्त साचलेच, तर तीच जखम क्षणार्धात उघडता आली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न उद्भवतच नव्हता. रक्तस्राव व पू यांमुळे रोगी दगावण्याची शक्यता एवढी मोठी होती, की सॅम्युएल ग्रॉस या अमेरिकन शल्यविशारदाने १८६६ साली या शस्त्रक्रियेचा तीव्र निषेध केला होता. झुरिच येथे बिलरोथनेही अशा शस्त्रक्रिया काही काळ थांबविल्या होत्या. १८६७ साली लिस्टरची जंतुविरोधी पद्धती प्रसिद्ध झाल्यानंतरच जखम पूर्णपणे मिटविण्याचे धैर्य शल्यविशारदांना हळूहळू झाले.

बर्न येथील थिओडोर कोखर (१८४१–१९१७) याने या शस्त्रक्रियेतील मृत्युप्रमाण शेकडा एकाहूनही खाली आणले व १९०९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने आतड्याच्या तंतूंऐवजी रेशीम स्वीकारले आणि आरंभीचे उभे व तिरके छेद सोडून गळपट्टीसारखा आडवा छेद रूढ केला. मानेच्या स्वाभाविक वळ्यांना समांतर असल्याने तो चांगला मिळून येतो. त्वचेतील ताणाच्या रेषा कार्ल लँगरने १८६१ मध्येच दाखविल्या होत्या. अमेरिकेत हॉलस्टेडने त्वचेच्या आतून जाणारा टाका प्रचारात आणला; त्यामुळे टाक्यांचे शिडीसारखे डाग टळले. गलगंडाचे रोगी बहुसंख्येने स्त्रिया असल्याने व्रणाच्या या चिंतेस क्षुल्लक म्हणता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मिशेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धातूच्या क्लिपा आल्या. त्या लावण्यास वेळ लागत नसे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढता येत आणि डागही सहसा राहत नसे. परंतु त्यांचे खरे आकर्षण निराळे होते. ग्रंथीच्या जागी रक्त साचल्यास शिरांतील प्रवाह अडतो, स्वरयंत्रास सूज येते व श्वास कोंडतो. हे सारे थोड्या अवधीत घडू शकते. म्हणून क्लिपा काढण्याचा चिमटा रोग्याच्या उशाशी ठेवण्याचा प्रघात पडला. तो योग्यच होता, मात्र त्याने एक अपुरे समाधानही दिले. क्लिपा काढल्याने त्वचा तेवढी उघडते. घातक रक्त पुष्कळदा पट्टीसारख्या स्नायूंच्या खाली असते, आणि ते स्नायू शिवलेलेच असतात! जखमेत नळी ठेवल्याने हा धोका टळतो, हा समजही पुढील चाचण्यांत टिकला नाही.

१९७० च्या सुमारास शरीरात विरघळणारे कृत्रिम धागे आले. १९९८ साली त्वचा चिकटविणाऱ्या ऑक्टिल सायनोअॅक्रिलेटला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर टाके, क्लिपा व चिकटद्रव्य यांची तुलना करणाऱ्या चाचण्या वाढल्या. त्यांत शस्त्रक्रियागृहातील मिनिटे वाचविण्यात क्लिपा व चिकटद्रव्य सरस, आणि क्लिपा काढताना वेदना अधिक, असे साधारणतः दिसते. व्रणाच्या रूपाबाबतचे निष्कर्ष जपून वाचावेत. व्रण पक्व होण्यास कित्येक महिने लागतात. सहाव्या आठवड्यातील निवाडा वर्षानंतर लागू पडेलच असे नाही. शिवाय रोग्याचे मत व शल्यविशारदाचे मत एक नसते. जखम किती त्वरेने उघडता येते, हे मात्र अशा कोष्टकांत क्वचितच मोजलेले आढळते.

२०२२ साली ब्रिटनमधील भूलतज्ज्ञ व शल्यविशारद यांच्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या संयुक्त मार्गदर्शिकेने या उणिवेकडे लक्ष वेधले. त्वचा उघडी करणे, टाके कापणे, त्वचा विलग करणे, स्नायू विलग करणे व जखमेत कापड भरणे असा क्रम तीत दिला आहे. उशाशी ठेवावयाच्या पेटीत आता चाकू, कात्री व धमनी-चिमटा अपेक्षित आहे, आणि ती वापरण्याचे शिक्षण रात्रपाळीच्या परिचारिकेसही द्यावे लागते.