महाराजांची पाठ आणि कात्रीची करामत

बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला १२ डिसेंबर १९११ ही तारीख सांगावी लागत नाही. दिल्ली दरबार! पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी सिंहासनावर, आणि एकेक संस्थानिक पुढे येऊन मुजरा करतोय. पहिले हैदराबादचे निजाम, दुसरे आमचे सयाजीराव महाराज. रिवाज असा की वाकून मुजरा करायचा आणि बादशहाकडे पाठ न करता मागे मागे सरकत जायचं. महाराज एकदाच वाकले आणि वळून चालू लागले. विलायतेच्या पेपरांनी आकाशपाताळ एक केलं. गायकवाडांनी बादशहाचा अपमान केला म्हणे!

ही गोष्ट आम्ही आजीच्या तोंडून ऐकली, शाळेत ऐकली, गणपतीच्या मांडवात भाषणांतून ऐकली. प्रत्येक वेळी महाराजांची पाठ थोडी जास्त ताठ होत गेली.

यंदा आमच्या मंडळानं ठरवलं की ११ मार्चला, महाराजांच्या जयंतीला, नुसतं भाषण नको. माझा भाचा व्हिडिओ एडिटिंग करतो. तो म्हणाला, "मावशी, महाराजांवर मोठा सिनेमा आला तर तो कसा दिसेल, त्याचा कन्सेप्ट ट्रेलर बनवू." म्हणजे काय? तर सिनेमा नाहीच, शूटिंगही नाही. आधीच्या सिनेमांतले तुकडे घ्यायचे, त्यांचे संवाद काढून टाकायचे, वर नवं संगीत आणि निवेदन चढवायचं, रंग एकसारखे करायचे. दोन-अडीच मिनिटांत न झालेला सिनेमा डोळ्यांसमोर उभा! इतिहासाची बाजू माझ्याकडे आली.

हे खूळ आजचं नाही बरं का. रशियात १९२७ साली एस्फिर शुब या बाईंनी झारच्या काळातल्या जुन्या फिल्मा जोडून रोमानोव्ह घराण्याच्या पतनावर अख्खा चित्रपट केला. त्यातली बरीच दृश्यं राजघराण्याच्या कौतुकासाठी काढलेली होती. बाईंनी ती अशी लावली की तीच राजघराण्याविरुद्धची साक्ष झाली. त्याच्या थोडं आधी कुलेशोव्हनं एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. आणि २००५ साली न्यूयॉर्कच्या एका एडिटरनं 'द शायनिंग' या भयपटाचा असा ट्रेलर कापला की तो बापलेकाचा गोड कौटुंबिक सिनेमा वाटावा. कात्री तीच, हेतू वेगळा.

आम्ही तुकडे शोधायला बसलो. गोपाळराव हा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा, १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव झाला. त्या मुलासाठी 'श्यामची आई'मधली कृष्णधवल दृश्यं निवडली. आगगाडी 'गांधी'मधून. १९११च्या सुमाराची मुंबई 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'तून. ते मला विशेष आवडलं, कारण दादासाहेब फाळके आमच्या कलाभवनात शिकलेले, आणि कलाभवन महाराजांनीच काढलेलं. बाबासाहेबांना महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली कोलंबियाला पाठवलं, त्यासाठी जब्बार पटेलांचा सिनेमा होताच. इंग्रज अधिकारी 'लगान'मधून. तिथंही गंमत बघा, सिनेमातल्या गावाचं नाव आमच्या शेजारचं चांपानेर आणि शूटिंग मात्र भूजजवळचं!

अडचणी पुष्कळ आल्या. एका दृश्यात माणसाची पगडी पेशवाई, पुढच्यात फेटा. मग पाठमोरी माणसं, हात, पाय, खुर्ची, दौत, असलेच तुकडे जास्त घेतले. चेहरा दिसला की लोक नटाचं नाव घेतात आणि महाराज हरवतात.

दरबारासाठी मात्र नटाची गरजच नव्हती. तो दरबार खरोखर चित्रित झालेला आहे. चार्ल्स अर्बनच्या कंपनीनं किनेमाकलरमध्ये त्याची रंगीत फिल्म काढली आणि १९१२च्या फेब्रुवारीपासून लंडनच्या स्काला थिएटरात दाखवली. इतरही कंपन्यांचे कॅमेरे तिथं होते, आणि महाराजांच्या मुजऱ्याचे काही सेकंद आजही बघायला मिळतात. विचार करा मंडळी, पेपरात वाचलेला 'अपमान' तिकीट काढून स्वतःच्या डोळ्यांनी बघायची सोय तेव्हाच्या लोकांना झाली होती!

भाच्यानं पहिली आवृत्ती केली ती जबरदस्त होती. महाराज वळतात, दृश्य एकदम संथ होतं, लगेच 'लगान'मधल्या इंग्रज कप्तानाचा संतापलेला चेहरा, धाडकन नगारा, काळा पडदा. घरात सात-आठ जण बघत होते, सगळ्यांच्या अंगावर काटा आला. शेजारचे आजोबा म्हणाले, "हं, हे अस्संच झालं होतं!"

त्या वाक्यानं मी सावध झाले. कारण तो कप्तान क्रिकेटच्या सामन्यावरून चिडलेला होता. आमच्या महाराजांना त्यानं कधी बघितलेलं नाही.

मग मी भाच्याला म्हटलं, मूळ तुकडा जसा आहे तसा लाव. लावला, तर महाराज तुरुतुरु चालताना दिसले, जणू झटका देऊन निघून गेले. त्याचं कारण भाच्यानंच सांगितलं. तेव्हाचे कॅमेरे हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा चित्रं पडायची. तीच फिल्म आजच्या चोवीसच्या वेगानं चालवली की सहा सेकंदांची चाल चार सेकंदांत उरकते. म्हणजे वेग वाढवला की उद्धटपणा, संथ केला की वीरश्री. खरा वेग दिला, तर एक माणूस येतो, वाकतो, वळतो, जातो. इतकंच.

मनात काय होतं, ते फिल्म सांगत नाही. कागद थोडं सांगतात. गदारोळानंतर महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्र लिहून दिलगिरी कळवली. गोंधळ झाला, अवमानाचा हेतू नव्हता, असा त्याचा सूर. ते पत्र छापूनही आलं. पण इंग्रजांचा संशय मुळात जुना होता. अरविंद घोष बडोद्याच्या नोकरीत होते, काँग्रेसचे माजी अध्यक्ष रमेशचंद्र दत्त इथे दिवाण होते. त्यामुळे पत्र लिहिणारा राजा आणि स्वाभिमानी राजा, दोन्ही एकाच माणसात असू शकतात. राज्य सांभाळायचं होतं त्यांना.

मंडळात यावरून वाजलंच. "पत्राचा उल्लेख कशाला? जयंतीच्या दिवशी महाराजांना कमीपणा?" मी म्हटलं, १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणाऱ्या राजाचा मोठेपणा एका पाठीवर टांगलेला नाही. आणि विलायतेच्या पेपरांनी जे केलं, सोयीचा तुकडा उचलून त्याला आपला अर्थ चिकटवला, तेच आपण उलट्या बाजूनं करायचं का? काहींना पटलं. एक काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

शेवटी असं ठरलं. कप्तान काढला. दरबाराचा तुकडा खऱ्या वेगानं, अखंड, संगीत बंद करून. त्याखाली तारीख. पुढच्या पाटीवर पत्राची एक ओळ, त्यापुढे शाळेत निघालेली मुलं. सभागृहात त्या काही सेकंदांत अशी शांतता पसरली, जी नगाऱ्यानं आली नसती.

'हा सिनेमा अस्तित्वात नाही' ही पाटी सुरुवातीला आणि शेवटी दोनदा टाकली, तरी बाहेर पडताना तिघांनी विचारलं, "कधी लागतोय हो?"

बऱ्याच जणांनी ट्रेलर इथं टाका म्हणून आग्रह केला, पण नाही टाकणार. आपल्याकडे सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं राहतो. 'गांधी', 'लगान' वगैरे दुसऱ्यांच्या मेहनतीचे आहेत.

त्याऐवजी एक विनंती. दांडिया बाजार, मांडवी, रावपुरा इथल्या जुन्या घरांत कुणाच्या ट्रंकेत त्या काळातलं पत्र, फोटो, आजोबांची रोजनिशी असेल, तर फेकू नका. तारीख, जागा आणि माणसाचं नाव मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा आणि मला कळवा. पुढच्या वर्षी उसन्या दृश्यांऐवजी आपल्याच घरातल्या वस्तू पडद्यावर दाखवायचा विचार आहे.