ठसा नसलेल्या चांदीचं कूळ

कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, उदगीर या पट्ट्यातली जुनी चांदी भिंगाखाली कितीही बारकाईने तपासली, तरी घडवणाऱ्याचा ठसा सहसा सापडत नाही. तोडे, वाळे, गोठ, वाक्या, कमरपट्टा, देव्हाऱ्यातले टाक, तांब्या, पंचपात्री. कशावर कारागिराची खूण नाही, पेढीचं नाव नाही, शुद्धतेचा आकडा नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात या कोरेपणाचा अर्थ ठरून गेलेला आहे: माल गावठी, कूळ अज्ञात, भाव मोडीचा. विलायती चहादाणीच्या बुडाशी मात्र चार-पाच बारीक शिक्के ओळीने असतात आणि त्यांवरून शहर, वर्ष, कारखाना झटक्यात सांगता येतो. तेवढ्यावरून अशी समजूत पसरली आहे की तिकडचा कारागीर स्वतःच्या कामाचा अभिमान बाळगणारा होता आणि इकडचा मुकाट राबणारा. माझ्या मते अभिमानाचा इथे काही संबंध नाही. ज्याला घडवताना पाहिलं नाही त्याच्या मालावर, तेही धातूच्या वजनाने, पैसे मोजायची वेळ येते तेव्हा ठशाची गरज पडते. कंधारच्या सोनाराच्या गिऱ्हाइकावर ती वेळ क्वचितच आली.

विलायती ठशाचीच कुळी आधी पाहावी. १३०० साली पहिल्या एडवर्डच्या कायद्याने बजावलं की पारख होऊन बिबट्याच्या मुखाचा शिक्का उठल्याशिवाय चांदीची वस्तू कारागिराच्या हातून बाहेर जाता कामा नये. कस ठरला हजारात ९२५, म्हणजे त्या वेळच्या इंग्रजी नाण्याचा. १३६३ साली प्रत्येक उस्ताद सोनाराने आपली स्वतंत्र खूण उठवावी असा दंडक आला. त्यात गौरव करण्याचा हेतू नव्हता. खोट निघाली तर कोणाच्या मानगुटीला धरायचं हे कळावं, एवढ्यासाठी ती व्यवस्था होती. १४७८ पासून लंडनच्या सोनार-संघाने वर्षागणिक बदलणारं एक अक्षर सुरू केलं. आजचे संग्राहक त्यावरून वस्तूचं साल काढतात, पण ते अक्षर त्यांच्या सोयीसाठी आलेलं नाही. त्या वर्षी पारख करणारा अधिकारी कोण होता हे कळावं आणि त्यानेच डोळेझाक केली असेल तर तोही सापडावा, म्हणून ते आलं. म्हणजे ही सगळी चिन्हं बंदोबस्ताची आहेत. आज ब्रिटनमध्ये सोनाराच्या त्या जुन्या खुणेकडे, वस्तू पारखायला जो पाठवतो त्याची खूण म्हणूनच पाहिलं जातं; प्रत्यक्ष हातोडी कोणी चालवली याची हमी तीत नसते. ठशांच्या पुस्तकात नाव सापडलं म्हणून कारागीर सापडला असं समजणं तिथेही धाडसाचंच.

आता कंधारकडे वळू. राष्ट्रकूटांच्या काळात नावारूपाला आलेलं, भुईकोट किल्ल्याचं आणि जगत्तुंग तलावाचं हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. या भागात तयार दागिन्यांचं दुकान ही अलीकडची गोष्ट. जुनी रीत अशी की चांदी गिऱ्हाइकानेच आणायची आणि सोनाराने मजुरी घेऊन घडवून द्यायचं. ही चांदी बहुतेक वेळा रुपयांच्या रूपात असे, नाहीतर घरातल्या मोडीच्या. रुपये मोजून सोनारापुढे ठेवायचे, ते मुशीत पडताना पाहायचं, जमलं तर समोरच बसून राहायचं. म्हणजे शुद्धतेची हमी टांकसाळीने आधीच दिलेली होती. वस्तूवर वेगळा शिक्का मारणं म्हणजे त्याच चांदीची दुसऱ्यांदा ग्वाही देणं झालं असतं. सोनार कोण, हे विचारायची तर गरजच नव्हती. तो त्याच गावचा, बलुत्याच्या नात्याने बांधलेला, आणि त्याचा बाप तुमच्या आजीचे तोडे घडवून गेलेला. सोनाराच्या चोरीविषयीच्या म्हणी मराठीत कमी नाहीत, तेव्हा हा आंधळा विश्वास होता असं कोणी म्हणणार नाही. संशय होताच. पण त्यावरचा उपाय डोळ्यांसमोर वजन करून घेणं आणि टंच काढून पाहणं हा होता. लांबच्या शहरातल्या संघाचा शिक्का त्यात कुठे बसतच नव्हता.

यावर पहिली शंका निघते ती अशी: इथल्यांना ठसा मारणं सुचलंच नसेल. हे टिकत नाही. चांदीवर बारीक ठसे मारण्याची कला या देशात दोन हजार वर्षांहून जुनी आहे. आहत नाणी म्हणजे ठसे मारलेले चांदीचे तुकडेच. मोगली रुपयांवरही सराफांनी पारखताना मारलेले टोचे दिसतात. ठसा होता, पण तो नाण्यावर होता, कारण अनोळखी हातांतून फिरायचं होतं ते नाण्याला. दुसरी शंका निरक्षरतेची. बिबट्याच्या शिक्क्याला अक्षर लागत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे जुन्या चांदीच्या भांड्यांवर अक्षरं चांगली कोरलेली असतात. नाव घातलेलं असतं, पण मालकाचं किंवा आहेर करणाऱ्याचं. कधी देवनागरीत, कधी मोडीत, निजामी मुलखात कधी उर्दूत. कोरणारा हात तोच, टाकणंही तेच, फक्त स्वतःचं नाव घालायचं कोणाला कारण पडलं नाही. तिसरी शंका अधिक भारदस्त आहे: जातिव्यवस्थेने कारागिराला नावच ठेवू दिलं नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते सगळीकडे लागू होत नाही. दख्खनच्या ताम्रपटांत लेख लिहिणाऱ्याचं वा कोरणाऱ्याचं नाव शेवटी येतं, होयसळ मंदिरांच्या मूर्तींवर मल्लितम्मासारख्या शिल्पकारांनी सह्या केल्या आहेत. जातीने बांधलेले कारागीर जिथे नाव कोरण्याची रीत होती तिथे कोरत होते. तेव्हा चांदीच्या बाबतीत रीत का पडली नाही, याचं उत्तर व्यवहारातच शोधावं लागतं.

उलट बाजूचा पुरावाही तेच सांगतो. एकोणिसाव्या शतकात भारतातल्याच काही चांदीवर घडवणाऱ्याचे ठसे येऊ लागले: कलकत्त्याची हॅमिल्टन आणि कंपनी, मद्रासची पी. ऑर अँड सन्स, आणि कच्छमध्ये भुजचे ओमरसी मावजी, ज्यांच्या नाजूक कामावर ‘ओ. एम.’ ही दोन रोमन अक्षरं आणि गावाचं नाव असतं. तसा कायदा इंग्रजांनी इथे केलेला नव्हता. चांदी पारखून शिक्का मारण्याची सक्ती नसताना ही मंडळी ठसे मारत होती. का? गिऱ्हाईक गोरा साहेब होता, आज ना उद्या बोटीने परत जाणारा, आणि भुजचा सोनार चोख की लबाड हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. रोमन लिपी निवडली गेली ती त्याच्याचसाठी. हॅमिल्टनच्या ठशांची मांडणीही इंग्रजी शिक्क्यांच्या ओळीसारखी दिसेल अशी केलेली आढळते. लांबचं गिऱ्हाईक आलं आणि ठसा आला.

माझ्या म्हणण्याला खरा अडथळा आहे तो बिदरीचा आणि टाकांचा. बिदर इथून लांब नाही. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. बिदरी काम १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनापर्यंत पोचलं, म्हणजे अनोळखी गिऱ्हाईक भरपूर. तरी जुन्या बिदरी हुक्क्यावर किंवा सुरईवर कारागिराचा ठसा सहसा नसतो. टाकांचंही तसंच. खंडोबा, भवानी, पूर्वजांचे टाक क्षेत्राच्या ठिकाणी आणि यात्रेत परक्या सोनाराकडून घेतले जातात. कंधारशेजारच्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची मोठी यात्रा भरते, आणि तिथे जमणारी माणसं एकमेकांची गाववाली नसतात. मग ठसा का नाही? इथे ‘अनोळखी’ एवढं कारण अपुरं पडतं, हे मान्य केलं पाहिजे. म्हणूनच वर वजनाची अट घातली आहे. बिदरी वस्तूचं अंग जस्त आणि थोड्या तांब्याचं. चांदी फक्त तारेच्या किंवा पत्र्याच्या रूपात खोबणीत ठोकलेली. किंमत मोजली जाते ती नक्षीची आणि काळ्या झिलईची. त्या चांदीचा टंच काढत बसायचं कोणाला कारण? टाक तर पातळ पत्र्याचा, ठशावर उठवलेला, पुष्कळदा मागे तांब्याचा आधार असलेला. त्याची योग्यता पूजेने ठरते. धातू तोलून पैसे देण्याचा व्यवहार नसला, की विक्रेता कितीही परका असो, शिक्का कोणी मागत नाही.

एवढं मान्य केलं तर कोऱ्या चांदीचं कूळ काढायची रीतही बदलते. नाण्याचा ठसा मुशीत वितळला, पण त्याचा कस वितळत नाही. निजामाचा हाली सिक्का, ज्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चारमिनार आहे, साधारण ११.१८ ग्रॅमचा आणि शेकडा ८१.८ चांदीचा. इंग्रजांचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, शेकडा ९१.७ चांदीचा. शंभर हाली रुपयांतून सुमारे ९१४ ग्रॅम शुद्ध चांदी निघते, शंभर कलदारांतून १०६९. सहा कलदारांना सात हाली हा दर याच हिशेबातून येतो. तेव्हा कंधारकडचे तोडे ८१-८२ च्या आसपास भरले, तर ते हाली रुपयांतून आले असावेत असं म्हणायला आधार मिळतो. ९१-९२ भरले तर कलदारातून, आणि मग इंग्रजी मुलखाशी व्यवहार असलेल्या घराचा किंवा सोलापूर-वऱ्हाडाकडून आलेल्या लेकीसुनांचा विचार करावा लागतो. १९४० पासून इंग्रजी रुपयातली चांदी निम्म्यावर आली, त्यामुळे पन्नाशीच्या घरातला कस त्यानंतरचा काळ सुचवतो. यावरचा आक्षेप उघड आहे: सोनार भेसळ करतो, दोन प्रकारचे रुपये एका मुशीत पडतात, डाकेने कस उतरतो, जुनी मोड पुन्हा गाळली जाते. खरं आहे, आणि म्हणून एका वस्तूवरून निकाल देऊ नये. एका घरातले, एका गावातले पाच-दहा नग एकाच आकड्याभोवती जमले तरच त्याला वजन. आणखी एक सावधगिरी अशी की हल्लीचं क्ष-किरण यंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं. उजाळा देताना आम्लात उकळलेल्या चांदीच्या वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि आकडा खऱ्यापेक्षा चढा दिसतो. झिजलेल्या कडेवर वाचन घेतलेलं बरं.

बाकी पुरावा घडणीचा. हाताने पाडलेल्या फिरकीचे आटे असमान असतात, जंत्रीतून ओढलेल्या तारेवर लांबट ओरखडे राहतात, तांब्याच्या पोटात हातोडीचे घाव मोजता येतात. बंजारा बायकांच्या रुपयांच्या हारात तर साल नाण्यांवरच लिहिलेलं. पण तिथे सगळ्यांत नवं नाणं पाहावं, कारण हार त्याआधीचा असू शकत नाही. त्याच्यानंतरचा मात्र असू शकतो. भांड्यावर मालकाच्या नावाशेजारी साल असेल तर ते शक आहे की फसली हे आधी ठरवावं: शकात ७८ मिळवायचे, निजामी फसलीत ५९०. या एका गफलतीने वस्तू पाचशे वर्षं इकडची तिकडे होते, आणि विकणाऱ्याला ती गफलत परवडते.

ठसा दिसला म्हणून हुरळून जाण्याचंही कारण नाही. ई. पी. एन. एस. ही चार अक्षरं चार चौकटींत ओळीने मारलेली असली की अस्सल विलायती शिक्क्यांचा भास होतो. प्रत्यक्षात तो तांबं-निकेल-जस्ताच्या मिश्रणावर चांदीचा मुलामा आहे. आपल्याकडे ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणतात त्या मिश्रणात चांदी औषधालाही नसते. भारतीय मानक ब्युरोने चांदीला अधिकृत शिक्का देणं सुरू केलं ते २००५ मध्ये, तेव्हा त्याआधीच्या दागिन्यावर तो असेल तर नंतर मारलेला. आता तयार पैंजण परजिल्ह्यातून येतात, घडवणारा दिसत नाही आणि भाव वजनावर लागतो. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, आणि कंधारच्या दुकानातही लोक शिक्का विचारू लागले आहेत. त्या शिक्क्यावरून शुद्धता कळते, पारख कुठे झाली आणि वस्तू कोणत्या सराफाने पारखायला दिली हे शोधता येतं. पैंजण कोणाच्या हातचं, हे त्यावरूनही कळत नाही.