उष्टावण
उष्टावण (अन्नप्राशन) : तान्ह्या बाळाला दुधाव्यतिरिक्त पहिले अन्न भरवण्याचा विधी (पहा : संस्कार). आश्वलायन व पारस्कर गृह्यसूत्रांत त्यासाठी सहावा महिना सांगितला आहे. पारस्कराने याच विधीत वाग्देवीला आहुती सांगितली असून, वाणी ओघवती व्हावी म्हणून भारद्वाज पक्ष्याचे मांस सुचवले आहे. खाणे व बोलणे यांची सांगड इतकी जुनी.

महाराष्ट्रात बहुधा मामाच्या मांडीवर बसवून बाळाला खीर चाटवतात. पुढे मऊ भात, वरणाचे पाणी, तूप, नाचणीचे सत्त्व. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिने केवळ स्तनपान व नंतर पूरक आहार सुचवते. या सुमारास मान सावरते आणि घास जिभेने बाहेर ढकलण्याची प्रतिक्षिप्त क्रिया ओसरलेली असते. आश्वलायनाने सांगितलेले दही-मध-तूपमिश्रित अन्न मात्र आज चालत नाही : बॉट्युलिझम या विषबाधेच्या धोक्यामुळे वर्षाआधी मध वर्ज्य.

खाण्याप्रमाणे बोलण्याची तयारीही याच सुमारास होते : ‘बाबाबा’, ‘मामामा’ अशी अक्षरमाळ साधारण सहाव्या ते दहाव्या महिन्यात सुरू होते. पहिला अर्थपूर्ण शब्द वर्षाच्या आसपास येतो, दोन शब्दांची जोडणी दोन वर्षांपर्यंत (पहा : भाषासंपादन). वर्षभरानंतरही बाळ हाकेला वळत नसेल, तर आधी श्रवणचाचणी करतात (पहा : बहिरेपणा).