सशांच्या राखणदाराचं त्रिकोणी घर

इंग्लंडच्या नॉर्थहॅम्प्टनशायर परगण्यात, रश्टन गावाजवळ एक छोटी दगडी इमारत आहे. तिला चौथी भिंत नाही. तीन बाजू, प्रत्येकीची लांबी ३३ फूट ४ इंच, म्हणजे शंभर फुटांचा बरोबर तिसरा हिस्सा. मजले तीन, दर बाजूला तीन-तीन खिडक्या, माथ्यावर तीन-तीन टोकदार शिखरं आणि मधोमध धुराडं, तेही तिकोनी. भिंतींच्या वरच्या कडेनं लॅटिन ओळी कोरल्या आहेत. त्यांतही दर बाजूला अक्षरं मोजून ३३. एवढी उठाठेव कुणासाठी? तर धन्याच्या सशांवर नजर ठेवणाऱ्या नोकरासाठी. निदान कागदोपत्री तरी.

हा धनी म्हणजे सर थॉमस ट्रेशॅम. जन्म १५४३चा. आजोबा राणी मेरीच्या कॅथलिक राजवटीत सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांचे प्रमुख होते. ते १५५९ मध्ये वारले आणि सगळी जमीनजुमल्याची मालकी पंधरा-सोळा वर्षांच्या नातवाकडे आली. तोवर एलिझाबेथ गादीवर आली होती आणि देश पुन्हा प्रोटेस्टंट झाला होता. तरुण ट्रेशॅमचं बस्तान मात्र छान बसलं. तो परगण्याचा शेरीफ झाला, १५७५ मध्ये राणीनं त्याला ‘सर’ केलं. घराण्याचा ओढा कुणीकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलून कुणी दाखवत नव्हतं, एवढंच.

१५८० साली एडमंड कँपियन आणि रॉबर्ट पर्सन्स हे दोन जेझुइट वेष पालटून इंग्लंडात शिरले, आणि त्या साली ट्रेशॅमनं उघड बाजू घेतली. (कँपियनचं जाहीर निवेदन ज्याच्या हातून देशभर फुटलं तो टॉमस पाउंड हॅम्पशायरचा श्रीमंत जमीनदार. त्याच्याच नोकराचं सोंग घेऊन आधी एक तरुण इंग्लंडभर हिंडला होता. दोघांनी मिळून रोमला जायचं ठरवलं, पण पाउंड पकडला गेला आणि पुढची तीसेक वर्षं तुरुंगांत राहिला. तरुण एकटाच निसटला, १५७९ मध्ये गोव्याला पोचला. तोच आपला ख्रिस्तपुराणकर्ता फादर स्टीफन्स.)

१५८१ मध्ये कँपियन पकडला गेला. तो तुझ्या घरी उतरला होता का, हे शपथेवर सांग, असं ट्रेशॅमला फर्मावण्यात आलं. त्यानं शपथ घ्यायला नकार दिला. मग तुरुंग, दंड, नजरकैद असं चक्र सुरू झालं ते जन्मभर. त्याच वर्षीच्या कायद्यानं सरकारी चर्चला न जाणाऱ्याला महिना २० पौंड दंड लागू झाला. पूर्वी तो दर रविवारी १२ पेन्स होता. आता गरीब माणूस मोडून पडला असता. श्रीमंताची इस्टेट मात्र वर्षानुवर्षं पिळून घेता येत होती. ट्रेशॅम पिळला गेला, बुडाला मात्र नाही.

तीन या आकड्याचं वेड त्याला कुठून लागलं? एक उगम उघड आहे: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. दुसरा घरगुती. आडनावाची सुरुवात ‘ट्रेस’, लॅटिनमध्ये तीन. बायको मेरिएल पत्रात त्याला लाडानं ‘ट्रेस’ म्हणायची. घराण्याची खूण होती त्रिदल पान. दारावरच्या लॅटिन शब्दांतून तिघे साक्ष देतात असाही अर्थ निघतो आणि ट्रेशॅम साक्ष देतो असाही. तिसरा उगम अद्भुत. एली शहरातल्या कैदेत रात्री जेवणानंतर नोकर त्याला धर्मग्रंथ वाचून दाखवत असे. देव आहे याचे पुरावे सांगणारा भाग चालू असताना लाकडी मेजावर तीन ठोके पडले, लोखंडी हातोडीनं मारावेत तसे, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. जुनं लाकूड तडकलं असेल, आपण म्हणू. तडकलं ते तीनदाच, एवढं त्याला पुरेसं होतं.

१५९३ मध्ये तो सुटून घरी आला आणि लगेच बांधकाम काढलं; ते १५९७ पर्यंत चाललं. दारावरच्या ५५५५ या आकड्याचा उलगडा अभ्यासक आजही वेगवेगळा करतात. कॅथलिक चॅपल बांधणं शक्य नव्हतं. सशांच्या राखणदाराच्या खोलीला कोण हरकत घेणार?

इथवर ऐकून ट्रेशॅमबद्दल जीव हळहळतो. पण सशांनाही विसरू नये. त्या काळी ससे ही धन्याची मालमत्ता होती. मांस आणि कातडी यांना शहरात भाव होता आणि चोरणाऱ्याला शिक्षा होती. ससे आणि मेंढ्या वाढवायच्या तर जमीन हवी, म्हणजे गावाच्या गायरानाला कुंपण घालायचं आणि कुळांना हुसकावायचं. ट्रेशॅम घराणं यात पटाईत होतं. जून १६०७ मध्ये शेजारच्या न्यूटनला, त्याच्या भाऊबंदांच्या जमिनीवर, लोकांनी कुंपणं उपटली तेव्हा सरदारांच्या माणसांनी चाळीसहून अधिक जणांना ठार मारलं. राणीच्या दंडाची भरपाई कुठून झाली, याचं निदान एक उत्तर इथे मिळतं. धर्मासाठी सोसणारा माणूस आणि कुळांना नकोसा झालेला मालक, हे दोघं एकाच अंगरख्यात होते.

सर थॉमस ११ सप्टेंबर १६०५ रोजी वारला. दोनच महिन्यांत पार्लमेंट उडवण्याचा कट फुटला. त्यात त्याचा मुलगा फ्रान्सिस अडकला आणि डिसेंबरात लंडनच्या टॉवरमध्ये मेला. घरच्यांनी घाईनं घराण्याचे कागद कापडात गुंडाळून रश्टनच्या वाड्यातल्या भिंतीत चिणले. १८२८ मध्ये गवंड्यांनी भिंत फोडली तेव्हा ते हाती आले. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि त्रिकोणी घराच्या बांधकामाचा हिशेब त्यांच्यातच सापडला.